गायीच्या ढेकराचा हिशेब कोण ठेवतं? नाकाडोंगरीच्या गोठ्यातून समजून घ्या शेती-पशुधनाचा डेटा

‘गायी-म्हशी गाड्यांपेक्षा जास्त प्रदूषण करतात’ असा फॉरवर्ड तुमच्याही मोबाइलवर कधीतरी आला असेल. त्यात कुठे १८ टक्के लिहिलेलं असतं, कुठे १४.५, तर कुठे १२. खाली कमेंटमध्ये भांडण ठरलेलं.

पण एकाच गोष्टीचे तीन आकडे कसे? आणि भंडारा जिल्ह्यातल्या नाकाडोंगरीसारख्या गावात दोन गायी आणि थोडं धान असलेल्या शेतकऱ्याचा त्यात वाटा किती, हे कुणी मोजतं का?

थोडक्यात उत्तर असं: वायू कुणी मोजत नाही. जनावरं मोजली जातात, पिकाखालची जमीन मोजली जाते. वायूचा मात्र त्यावरून हिशेब केला जातो. हा हिशेब कसा होतो, तेच पाहू.

नाकाडोंगरीच का?

नाकाडोंगरी हे तुमसर तालुक्यातलं, मध्य प्रदेशच्या सीमेजवळचं गाव. हा सगळा धानपट्टा. याच तालुक्यात सीतेकसा इथं बावनथडी नदीवर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशचं सामाईक धरण आहे.

शेतीतून मिथेन बाहेर पडण्याच्या दोन मोठ्या वाटा इथं एकत्र दिसतात. एक म्हणजे रवंथ करणारी जनावरं, दुसरी पाण्याखाली राहणारी धानाची बांधी. या दोन्ही एकमेकींना जोडलेल्याही आहेत. धानाचं तणस गोठ्यात जातं आणि गोठ्यातलं शेण पुन्हा बांधीत.

मिथेन येतो कुठून?

गाय-म्हैस चारा खाते तेव्हा तिच्या पोटातले सूक्ष्मजीव तो हवेविना कुजवतात. त्यात मिथेन तयार होतो आणि बहुतेक सगळा ढेकरातून बाहेर पडतो. तणसासारखा पचायला जड चारा असेल तर खाल्लेल्या चाऱ्याच्या मानाने मिथेन जास्त होतो.

बांधीतही असंच घडतं. रोवणीनंतर पाणी साचून राहिलं की मातीत हवा पोचत नाही, सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात आणि धानाच्या पोकळ देठांतून तो वर येतो. मिथेन हवेत साधारण १२ वर्षं टिकतो. मात्र १०० वर्षांचा विचार केला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो.

जनावरं कोण मोजतं?

भारतात पशुगणना १९१९-२० पासून होते, साधारण दर पाच वर्षांनी. २०१९ च्या विसाव्या गणनेत देशात ५३ कोटी ५७ लाख पशुधन नोंदलं गेलं. त्यात गोवंश १९ कोटी २४ लाख. महाराष्ट्रात २०१२ ते २०१९ या काळात गोवंश सुमारे १० टक्क्यांनी घटला. एकविसावी गणना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली.

पिकांची नोंद सातबाऱ्यावर होते. ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी ॲपवर शेतकरी स्वतःच ती करू शकतो.

मग वायूचा आकडा कसा निघतो?

साधा गुणाकार असतो: जनावरांची संख्या गुणिले एका जनावरामागचा वर्षाचा अंदाज. हा अंदाज म्हणजे गुणक. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०१० च्या अहवालात वापरलेले गुणक असे होते:

• देशी दुभती गाय: वर्षाला २८ किलो मिथेन
• संकरित दुभती गाय: ४३ किलो
• दुभती म्हैस: ५० किलो

धानाचे गुणक हेक्टरमागे, एका हंगामासाठी:

• बांधीत सतत पाणी: १६२ किलो
• हंगामात एकदा बांधी सुकवली: ६६ किलो
• अनेकदा सुकवली: १८ किलो

आता समजा, नाकाडोंगरीतल्या एका शेतकऱ्याकडे दोन देशी दुभत्या गायी, एक दुभती म्हैस आणि एक हेक्टर ओलिताचं धान आहे. गोठ्याचे झाले १०६ किलो. बांधीत सतत पाणी असेल तर एकूण २६८ किलो. तीच बांधी एकदा सुकली असेल तर १७२, अनेकदा सुकली असेल तर १२४.

जनावरं तीच, जमीन तीच, शेतकरीही तोच. तरी आकडा निम्म्याहून कमी झाला. म्हणजे इथं सगळ्यात मोठा फरक पाण्याने पडतो, गायींनी नाही.

आणि नेमकी हीच गोष्ट सातबाऱ्यावर नसते. तिथं ‘धान’ लिहिलेलं असतं, क्षेत्र असतं, ओलिताचं साधन असतं. बांधीत पाणी किती दिवस उभं होतं, याचा रकानाच नाही. त्यामुळे गावाचा आकडा काढायचा तर ‘इथं साधारण असंच होत असेल’ असं धरूनच पुढं जावं लागतं.

१८, १४.५ की १२?

तिन्ही आकडे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचेच आहेत. जगातल्या एकूण हरितगृह वायूंमध्ये पशुधनाचा वाटा किती, हे ते सांगतात. २००६ च्या अहवालात तो १८ टक्के होता, २०१३ मध्ये १४.५ आणि २०२३ मध्ये सुमारे १२ टक्के. दरवेळी पद्धत आणि आधारवर्ष बदललं. त्यामुळे ‘प्रदूषण कमी झालं’ असा याचा अर्थ काढता येत नाही.

गाड्यांशी तुलना २००६ च्या अहवालातून आली. तिच्यात गोची होती. पशुधनाच्या बाजूला चारा पिकवण्यापासून जंगलतोडीपर्यंत सगळं धरलं होतं. वाहनांच्या बाजूला मुख्यतः इंधन जळण्याचा धूर होता. गाडी बनवण्याचा, पेट्रोल शुद्ध करण्याचा हिशेब त्यात नव्हता. त्यावर टीका झाली, पण फॉरवर्ड आजही फिरतोय.

भारतात शेतीचा वाटा किती?

भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या माहितीनुसार २०२० मध्ये देशाच्या एकूण उत्सर्जनात शेतीचा वाटा १३.७२ टक्के होता आणि ऊर्जेचा ७५.६६ टक्के. त्याआधीच्या, २०१६ च्या हिशेबात शेतीच्या वाट्यातले ५४.६ टक्के जनावरांच्या पचनातून आणि १७.५ टक्के धानातून आले होते.

आपली गाय चांगली की अमेरिकेतली?

कशाने भागायचं, यावर ते ठरतं. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत भारतीय उपखंडातल्या दुभत्या गायीला वर्षाला ५८ किलो मिथेन आणि ९०० किलो दूध धरलं आहे. उत्तर अमेरिकेतल्या गायीला १२८ किलो मिथेन आणि ८,४०० किलो दूध.

गायीमागे पाहिलं तर आपली गाय निम्म्याहून कमी मिथेन सोडते. किलोभर दुधामागे पाहिलं तर आपल्याकडे सुमारे ६४ ग्रॅम, तिकडे सुमारे १५. पण दुधाने भागताना शेणखत आणि नांगराला जुंपायचे गोऱ्हे कुठेच मोजले जात नाहीत. धानपट्ट्यातल्या घरात गाय बहुतेकदा त्यांच्यासाठीही असते.

शेतकऱ्याला याच्याशी काय देणंघेणं?

बरंच आहे. बांधी आलटून-पालटून सुकवा आणि वाचलेल्या मिथेनचे पैसे मिळवा, अशा कार्बन क्रेडिटच्या योजना धान पिकवणाऱ्या राज्यांत येऊ लागल्या आहेत. त्यात पैसा ठरणार तो याच हिशेबावर. पाण्याची नोंद नसेल तर आधीपासून कमी पाण्यात धान घेणाऱ्याने काय वाचवलं, हे सिद्धच करता येणार नाही.

बांधी सुकवणंही वाटतं तितकं सोपं नाही. कालव्याचं पाणी पुन्हा कधी येईल याची खात्री नसेल तर शेतकरी आलेलं पाणी अडवूनच ठेवणार. बांधी सुकली की तण वाढतं, निंदणीची मजुरी वाढते. युरिया टाकलेली माती ओली-कोरडी होत राहिली तर नायट्रस ऑक्साइड वाढू शकतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २६५ पट उष्णता अडवतो. म्हणून पाणी आणि खत दोन्हींचं वेळापत्रक सोबतच बदलावं लागतं.

पुढचा फॉरवर्ड आला तर चार प्रश्न विचारा

१. आकडा मोजलेला आहे की गुणकाने काढलेला?
२. तो जगाचा, देशाचा की जिल्ह्याचा? जगाचा आकडा गावाला चिकटवता येत नाही.
३. कशाने भागलंय? जनावरामागे, लिटरमागे की एकरामागे?
४. मिथेनला किती पट धरलंय? जुन्या हिशेबांत २१ पट धरत, आता २८ धरतात. २० वर्षांचा काळ घेतला तर हाच आकडा ८० च्या वर जातो.

आणि आकडा धानाचा असेल तर पाचवा प्रश्नही विचारा: बांधीत पाणी किती दिवस होतं? याचं उत्तर आज फक्त शेतकऱ्याकडेच मिळतं.