आम्लाची घाई

हर्मन फ्राश हे नाव पाठ्यपुस्तकांत येते ते भूगर्भातले गंधक तप्त पाण्याने वितळवून वर आणण्याच्या पद्धतीमुळे. याच फ्राशने 1896 साली अमेरिकेत आणखी एक एकस्व मिळवले. चुनखडीतल्या तेलविहिरीत हायड्रोक्लोरिक आम्ल सोडून खडकातल्या वाटा मोकळ्या करायच्या, ही त्यातली कल्पना. होणारे कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळते, म्हणून बाहेर काढता येते. सल्फ्युरिक आम्ल वापरले तर जिप्सम बनते आणि छिद्रे उलट बुजतात. (फळ्यावरचा खडू पुष्कळदा जिप्समचाच असतो. वर्गात फेस दाखवायचा तर शहाबादी फरशीचा तुकडा बरा!)

आम्ल लोखंडी नळही खाई, त्यामुळे ही पद्धत सुमारे तीस वर्षे मागे पडली. 11 फेब्रुवारी 1932 रोजी मिशिगनमधल्या फॉक्स क्र. 6 या विहिरीत डाऊ कंपनीने 500 गॅलन आम्ल सोडले, तेही बागेच्या रबरी नळीने. लोखंड वाचवण्यासाठी त्यात आर्सेनिकचे संयुग होते. मृतवत विहीर दिवसाला 16 पिंपे तेल देऊ लागली.

नळ वाचले, तरी आम्लाची घाई राहिलीच. विहिरीच्या भिंतीशीच ते संपून जाई आणि दूरचा खडक कोरडा राही. अभिक्रियेचा वेग वाढवायला आपण मुलांना शिकवतो; इथे तो कमी करायचा होता. चुनखडीवरची अभिक्रिया जवळजवळ तत्क्षणी होते. वेळ लागतो तो ताजे हायड्रोजन आयन पृष्ठभागापर्यंत पोचायला. तेव्हा अडवायची ती ही वाट.

इथे साबणाचे भाऊबंद, म्हणजे पृष्ठसक्रिय पदार्थ, कामी आले. त्यांच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे, दुसरे तेलाकडे ओढ घेते. काही पदार्थ खडकावर तेलाचा पातळ थर टिकवून धरतात. काहींच्या मदतीने आम्लाचे थेंब डिझेलमध्ये विखुरतात; साधारण 70 भाग आम्ल, 30 भाग डिझेल. डिझेलने वेढलेला थेंब खडकाला उशिराने भिडतो आणि खोलवर पोचतो. मुंबई हायचे मुख्य तेल चुनखडीतच असल्याने हा विषय आपल्यालाही परका नाही.

त्यानंतरचे पदार्थ आम्हांला सर्वांत चतुर वाटतात. आम्ल खर्ची पडून कॅल्शियम वाढले की त्यांचे रेणू लांब, गांडुळासारख्या साखळ्यांत जमतात, द्रव घट्ट होतो आणि मागून येणारे ताजे आम्ल न उघडलेल्या भागाकडे वळते. पुढे तेल वाहू लागले की त्याच्या स्पर्शाने साखळ्या तुटतात आणि द्रव पुन्हा पातळ होऊन तेलाबरोबर वर येतो.