व्यक्तिमत्त्वविकृती व मानसोपचार

विचार, भावना व परस्परसंबंध यांची जी ठेवण पौगंडावस्थेत किंवा प्रथम तारुण्यात आकार घेऊन पुढे वर्षानुवर्षे ताठर राहते आणि त्या व्यक्तीस व तिच्या आप्तांस सतत क्लेश देते, तिला व्यक्तिमत्त्वविकृती म्हणतात. लातूर–बार्शी रस्त्यावरील मुरुडसारख्या बाजारपेठेच्या गावी अशा माणसाची वासलात ‘स्वभावच तसा’ एवढ्या शब्दांत लावली जाते. आणि स्वभावाला औषध नाही ही समजूत इतकी पक्की, की मामला भाऊबंदकीच्या कज्जाने कचेरीपर्यंत जाईल, पण दवाखान्याची पायरी चढणार नाही. ती समजूत अर्धीच खरी आहे. गोळ्या सोबतच्या खिन्नतेवर वा निद्रानाशावर उपयोगी पडतात. मुख्य इलाज संवादाचा. अमेरिकेतील मार्शा लिनेहन यांची द्वंद्वात्मक वर्तनोपचारपद्धती, स्वतःस इजा करण्याची ऊर्मी उसळली असता तो क्षण निभावून नेण्याचे कौशल्य शिकविते. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजविली, तीत ‘भावाने माझे ऐकलेच पाहिजे’ या हुकमाच्या जागी ‘ऐकले तर बरे, न ऐकल्यास वाईट वाटेल, पण ते मी सोसू शकेन’ हे वाक्य रुग्णाकडून पुनःपुन्हा घोटून घेतले जाते. गुण महिन्यांनी, क्वचित वर्षांनी येतो. २०२२ पासून अमलात असलेल्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने या विकृतींचे जुने प्रकारभेद बव्हंशी मोडीत काढून तीव्रता हा प्रमुख निकष धरला, हे योग्यच झाले. त्याच वर्षी केंद्र सरकारने सुरू केलेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.