मॉड्यूल न सापडणे (पायथन)

एकाच संगणकावर पायथनच्या अनेक आवृत्त्या असताना वारंवार आढळणारा दोष. लायब्ररी बसवलेली असूनही प्रोग्रॅम आयातीच्या ओळीवर थांबतो आणि ‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर’ हा संदेश येतो. दोषाचा हा स्वतंत्र प्रकार २०१६ साली पायथन ३.६ मध्ये आला. त्यापूर्वी ‘इम्पोर्टएरर’ असा सर्वसाधारण संदेश येत असे.

कारण : प्रत्येक इंटरप्रिटरचे ‘साइट-पॅकेजेस’ हे फोल्डर सहसा वेगळे असते. एकाच्या फोल्डरात बसवलेली लायब्ररी दुसऱ्याला दिसत नाही. इंटरप्रिटर ‘सिस.पाथ’ या यादीतील जागा क्रमाने तपासतो; कुठेच मॉड्यूल मिळाले नाही, की दोष नोंदवतो. टर्मिनलवर ‘पायथन’ किंवा ‘पिप’ ही आज्ञा दिल्यावर कोणती फाइल चालेल, हे ऑपरेटिंग सिस्टिमच्या ‘पाथ’ या चलातील फोल्डरांच्या क्रमावर ठरते. त्यामुळे ‘पिप’ अ‍ॅनाकोंडाचे आणि ‘पायथन’ वेगळे बसवलेले, अशी फारकत होऊ शकते. एडिटरमध्ये निवडलेला इंटरप्रिटर आणखी तिसराच असू शकतो.

निदान : अडलेल्या प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच ‘सिस.एक्झिक्युटेबल’ छापून पाहावे; प्रोग्रॅम नेमका कोणता इंटरप्रिटर चालवत आहे, हे कळते. ‘पिप --व्हर्जन’ ही आज्ञा पिपची जागा व त्याच्याशी जोडलेली पायथन आवृत्ती दाखवते. एकात ३.११ आणि दुसऱ्यात ३.१२ दिसल्यास दोषाचे मूळ सापडले. सर्व प्रती पाहण्यासाठी विंडोजवर ‘व्हेअर पायथन’, तर लिनक्स व मॅकवर ‘विच -ए पायथन३’ ही आज्ञा देतात.

उपाय : ‘पिप’ थेट न चालवता ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ अशी आज्ञा द्यावी. ज्या इंटरप्रिटरला हाक मारली, त्याच्यासाठीच लायब्ररी बसते. विंडोजवर ‘पीवाय -३.१२ -एम पिप’ असे लिहून आवृत्ती निश्चित करता येते. ज्युपिटर नोटबुकमध्ये ‘%पिप’ वापरल्यास लायब्ररी चालू कर्नलच्याच पायथनमध्ये जाते. कायमचा मार्ग म्हणजे प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र आभासी परिसर. त्यासाठी लागणारे ‘व्हीएन्व्ह’ पायथन ३.३ (२०१२) पासून सोबतच मिळते. डेबियन १२ मध्ये सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने थेट काही बसवू लागल्यास नकार मिळतो, कारण त्या पायथनवर सिस्टिमची अन्य साधने अवलंबून असतात.

सदृश दोष : काही लायब्रऱ्यांचे बसवण्याचे आणि आयातीचे नाव वेगळे असते. ‘पिलो’ बसवल्यावर ‘पीआयएल’, ‘ओपनसीव्ही-पायथन’ बसवल्यावर ‘सीव्ही२’, तर ‘सायकिट-लर्न’ बसवल्यावर ‘एसकेलर्न’ आयात करावे लागते. प्रोग्रॅमच्याच फोल्डरात ‘नमपाय.पीवाय’ नावाची फाइल असल्यास खऱ्या लायब्ररीऐवजी तीच उचलली जाते. अशा वेळी ‘नमपाय हे पॅकेज नाही’ या अर्थाचा संदेश येऊ शकतो. या दोषांत इंटरप्रिटर बदलून उपयोग होत नाही. आयातीचे किंवा फाइलचे नाव बदलावे लागते.