पार्किन्सन्समध्ये दम लागतोय? गोळीची वेळही तपासा

पार्किन्सन्स म्हटलं की हाताची थरथर आठवते. पण काही रुग्णांना दमही लागतो. ईसीजी नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल, ऑक्सिमीटरवर ९७. मग घरचे म्हणतात, 'टेन्शनमुळे होतंय.' एक प्रश्न मात्र राहूनच जातो: शेवटची गोळी किती वाजता घेतली होती?

या आजारात मेंदूतलं डोपामिन कमी होतं. सिंडोपासारख्या गोळ्यांमधलं लेवोडोपा ते भरून काढतं, पण काही तासांपुरतंच. आजार जुना झाला की पुढच्या गोळीआधीच असर उतरतो. डॉक्टर याला 'ऑफ' म्हणतात. तेव्हा हातापायांसारखे छातीचे स्नायूही आखडतात, छातीवर ओझं ठेवल्यासारखं वाटतं. गोळी लागू पडली की श्वास मोकळा होतो.

उलटंही घडतं. गोळी घेतल्यावर, औषध ऐन भरात असताना श्वास भराभर आणि वेडावाकडा चालतो, सोबत मान आणि धड वळवळतं. हा डिस्कायनेशिया. त्रास एकसारखा, उपाय मात्र वेगळे. 'ऑफ'मध्ये डॉक्टर गोळ्यांमधलं अंतर कमी करू शकतात, डिस्कायनेशियात एका वेळचा डोस. त्यामुळे मनानेच अर्धी गोळी वाढवणं चूक आहे. ती अचानक बंद करणं तर त्याहून वाईट: तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकतं.

कवचबीज म्हणजे खाजकुहिलीच्या बियांची पावडर अनेक जण 'आयुर्वेदिकच आहे' म्हणून सोबत घेतात. त्यात नैसर्गिक लेवोडोपा असतं. भारतीय संशोधकांनी १९३७ मध्येच ते वेगळं काढलं होतं. म्हणजे डोस नकळत वाढतो. डॉक्टरांना हे सांगायलाच हवं.

ब्रोमोक्रिप्टिन, कॅबरगोलिन ही जुनी औषधं दीर्घकाळ घेतल्यास क्वचित फुप्फुसांभोवती किंवा हृदयाच्या झडपांवर जाड पेशीजाल तयार होतं. तो दम गोळीच्या वेळेनुसार कमी-जास्त होत नाही, हळूहळू वाढत जातो.

गडचिरोली-चंद्रपूरहून नागपूरच्या 'सुपर'मध्ये दाखवायला येणाऱ्यांचा दम ओपीडीत पोहोचेपर्यंत बसलेलाही असतो. म्हणून आठवडाभर गोळी, जेवण आणि दम लागण्याच्या वेळा वहीत लिहा, मोबाइलवर व्हिडिओ काढा. प्रवासातही गोळी चुकवू नका. वरण, अंडी, पनीर यांतल्या प्रथिनांमुळे काहींना गोळी उशिरा लागू पडते, तेही नोंदवा.

दम अचानक लागला, छातीत दुखलं, ओठ निळे पडले किंवा जेवताना ठसका लागून नंतर ताप आला, तर वही बाजूला ठेवा आणि थेट इमर्जन्सी गाठा.