कोटातली माया

कोल्हापुरातील जुन्या घरांतून दसऱ्याच्या सुमारास एक प्रश्न उपस्थित होतो. पेटीतून पणजोबांचा बंद गळ्याचा कोट निघतो, तो घालून दसरा चौकात सीमोल्लंघनाला जावे असे पणतवाला वाटते, आणि बटण काही केल्या काजापर्यंत पोहोचत नाही. आमच्याही घरी हे घडले. कोट शिंप्याकडे नेण्यापूर्वी काही गोष्टींचा विचार करणे भाग पडले.

पहिली गोष्ट अशी, की 'अंगाला न होणारा' कपडा हा आपल्याकडे तुलनेने नवा अनुभव आहे. अंगरखा काय किंवा बाराबंदी काय, ही वस्त्रे बटणांवर नव्हे, बंदांवर अंगावर बसत. एक पदर दुसऱ्यावर आडवा येई. बंद सैल वा घट्ट बांधता येत. शरीर चार बोटे वाढले तरी वस्त्र त्याला सामावून घेई. इंग्रजी धर्तीचा कोट मात्र छाती, कंबर, खांदा यांची मापे घेऊन बेतलेला. तो शरीराच्या एका विशिष्ट वर्षाशी बांधलेला असतो. १८७० साली युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्स येथे निधन पावलेल्या छत्रपती राजाराम महाराजांचा तेथील उद्यानातला अर्धपुतळा भारतीय पोशाखातच आहे. पुढच्या दोन-तीन पिढ्यांत मात्र शिक्षक, वकील, कारकून या वर्गाने धोतरावर कोट आपलासा केला, आणि त्याबरोबर मापाची ही शिस्तही.

या शिस्तीवर शिंप्यांनी काढलेला उपाय म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जादा कापड. त्याला ते 'माया' म्हणतात. आमच्या कोटाची पाठीची शिवण शिंप्याने उसवली तेव्हा आत न विटलेल्या कापडाची अगदी बारीक पट्टी दिसली, आणि तिच्या शेजारी जुन्या टाक्यांच्या छिद्रांची एक ओळ. म्हणजे कोट पूर्वीच एकदा सैल करून झाला होता. ज्याला आम्ही 'मूळ' समजत होतो, तेच मुळात फेरफार केलेले होते. आणि आता सोडायला माया उरली नव्हती. कापून नवी पट्टी जोडणे, एवढाच मार्ग होता.

२०२२ साली न्यूयॉर्कच्या मेट गालामध्ये किम कार्दाशियन हिने मॅरिलिन मन्‍रोचा १९६२ सालचा पोशाख घातला. तो पाठीमागे बंद होत नव्हता, म्हणून वर फरचे आच्छादन घेतले होते. त्यावर संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ऐतिहासिक वस्त्रे कोणीही अंगावर घालू नयेत, अशी भूमिका जाहीर केली. त्याऐवजी प्रतिकृती करणे हा एक मार्ग उरतो. कोल्हापूरला हा मार्ग अपरिचित नाही. बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली 'सिंहगड' पडद्यावर आणला तेव्हा सतराव्या शतकातील माणसे विसाव्या शतकातील नटांच्या शरीरावर नव्याने बेतली गेली. जुने वस्त्र फाडून नटाला बसवण्यापेक्षा हे प्रामाणिक होते. पण प्रेक्षकांनी पुढे तीच वस्त्रे इतिहास म्हणून लक्षात ठेवली, हा त्यातला धोका.

ऐतिहासिक कादंबरी शिकवताना हाच भेद आम्हांला उपयोगी वाटतो. साधनांनी स्वतःत राखलेली माया सोडणे हे अर्थनिर्णयन आहे. पूर्वसूरींनीही ते केलेले असते, आणि त्यांच्या टाक्यांची छिद्रे वाचता यायला हवीत. माया संपल्यावर आपल्या अंगाला बसावे म्हणून साधनालाच कात्री लावणे, ही वेगळी गोष्ट. तेथे 'ही प्रतिकृती आहे' असे सांगून नवे शिवावे.

आम्ही कोट कापला नाही. शिवण पूर्ववत घालून घेतली आणि त्याच बेताचा नवा कोट शिवायला टाकला. शिंप्याला एवढेच सांगितले, की शिवणीत दोन बोटे माया राखा.