तोंडीलावणे आणि भाकरी

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरच्या दिवशी, म्हणजे सकल संतांच्या सणाच्या पूर्वसंध्येस, बारामती तालुक्यातील कन्हेरी येथे एका परिचित कुटुंबात भोजनाचा योग आला. घरच्या आजी नुकत्याच आजारातून उठल्या होत्या. त्यांच्या तोंडाला चव म्हणून राहिली नव्हती. पथ्याचे काय करावे असे सूनबाईंनी विचारताच आम्हांस सेमिनरीतले दिवस आठवले. तेथील एक वृद्ध युरोपियन धर्मगुरू नेमक्या याच दिवशी स्वयंपाक्याकडून एक साधे तोंडीलावणे करवून घेत असत. बटाटे सालीसकट उकडून, सोलून गरम असतानाच कुस्करायचे; त्यांत ऊन दूध, लोणी व मीठ घालून घोटायचे. कोबी बारीक चिरून वेगळा शिजवायचा, पाणी निथळून त्यात मिसळायचा, वर पातीचा कांदा. मधोमध खळगा करून त्यात लोण्याचा गोळा ठेवायचा. इतकेच. सूनबाईंनी ते अर्ध्या तासात केले.

हा पदार्थ आयर्लंडचा; नाव कोलकॅनन. सकल संतांची पूर्वसंध्या पूर्वी मांसवर्ज्य असे, म्हणून त्या रात्री आयरिश कॅथलिक घरांत बटाटा व कोबी यांना मान मिळाला. त्यात अंगठी लपवण्याची चाल होती. जिच्या ताटात ती निघेल तिचे लग्न लवकर ठरेल, असा समज. कन्हेरीत आम्ही अंगठी वगळली.

पदार्थ परदेशी खरा, परंतु त्यातील दोन्ही भाज्यांची नावे मराठी माणसाच्या तोंडी केव्हाची रुळली आहेत, आणि ती दोन्ही पोर्तुगिजांकडून आली. वसई इ. स. १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्या ताब्यात होती. त्या सहवासाच्या खुणा चर्चच्या भिंतींपेक्षा स्वयंपाकघरात अधिक टिकल्या. ‘बटाटा’ हा मुळात वेस्ट इंडीज बेटांवरचा, रताळ्याचा वाचक शब्द. आपल्याकडे रताळ्याने आपले नाव राखले व परके नाव दुसऱ्या कंदास मिळाले. ‘कोबी’ म्हणजे पोर्तुगीज ‘कोव’, आणि त्याचे मूळ लॅटिन ‘कॉलिस’. कोलकॅननमधील पहिले पद ‘काल’ हेही त्याच ‘कॉलिस’चे आयरिश रूप. लॅटिनचे धडे घोकताना आम्ही पुष्कळ कंटाळलो होतो. ते असे कोबीच्या गड्ड्यात उपयोगी पडतील असे तेव्हा वाटले नव्हते.

जेवताना आजींना आम्ही त्या देशाची हकीकत सांगू लागलो. शेतमजुराकडे एखादा लहानसा तुकडा जमीन, त्यात बटाटा, आणि प्यावयास ताक. पिकवलेले धान्य खंडापायी जाई. सुमारे ३० लाख माणसे जवळजवळ केवळ बटाट्यावर जगत होती. धट्टाकट्टा पुरुष दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई, कारण दुसरे काही नव्हतेच. त्यातही बहुतेकांच्या शेतात ‘लंपर’ नावाचा एकच वाण. १८४५ साली त्यावर करपा पडला. आपल्या आंबेगाव-खेडकडील बटाटा उत्पादक ज्याच्या धास्तीने पावसाळ्यात औषधे फवारतात, तोच उशिरा येणारा करपा. पुढल्या वर्षी तर पीक जवळजवळ समूळ गेले. १८५१ पर्यंत सुमारे १० लाख माणसे उपासमारीने व तापाने मेली. त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ साली ८० लाखांवर असलेली वस्ती दहा वर्षांत ६५ लाखांवर आली. आणि या काळात त्याच देशाच्या बंदरांतून धान्य जहाजांत भरून बाहेर जात होते, ही गोष्ट आम्हांस आजही वाचवत नाही. कलकत्त्याहून त्यांच्यासाठी सुमारे १४,००० पौंड वर्गणी गेली, हे मात्र आवर्जून सांगावेसे वाटते.

आजी घास हातात धरून थांबल्या. म्हणाल्या, “मंग फादर, त्यांच्याकडं भाकरीच नव्हती व्हय?”

इतिहासकारांची जाडजूड पुस्तके जेथे पोहोचण्यास वेळ घेतात तेथे त्या एका वाक्यात पोहोचल्या. आपल्याकडे बटाटा तोंडीलावणेच राहिला. तेथे गरिबाच्या ताटात तोच भाकरी झाला होता, आणि तो गेल्यावर मागे काही उरले नाही.

आजींना हे कळले, कारण त्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. त्या वेळी त्या ऐन विशीत होत्या. ज्वारी जळाली, तेव्हा तांबड्या मिलोची भाकरी, दुष्काळी कामावरची सुकडी आणि भर उन्हात खडी फोडणे. आयरिश मजुरांनीही १८४६-४७ च्या हिवाळ्यात सरकारी कामावर अशीच खडी फोडली. परंतु मजुरीत घरच्यांचे पोट भरत नव्हते, आणि ती कामेही सरकारने १८४७ च्या मध्यापर्यंत बंद केली. महाराष्ट्रात मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे कामावर होती व कामे चालू राहिली. बारामतीच्या जिरायत भागात त्याआधीच, साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात, ‘कासा’ या ख्रिस्ती संस्थेच्या मदतीने कामाबदली धान्य देऊन पाझर तलाव खोदले गेले होते. ते धान्यही परदेशीच. परक्या अन्नाविषयी नाक मुरडणारे आमचे काही मित्र आहेत. त्यांनी त्या साली मिलो खाल्लेल्या एखाद्या बाईशी बोलावे.

“कष्टाला कमी नव्हतो आम्ही,” आजी म्हणाल्या, “पर भाकरी मिळत व्हती.” मग त्यांनी ज्वारीच्या भाकरीचा तुकडा मोडला, लोण्याच्या खळग्यात बुडवला, चाखला आणि सुनेकडे पाहून म्हणाल्या, “ग्वाड हाय. जरा ठेचा आण गं.”