जुन्या चिनी फुलदाण्यांची पारख व मूल्यनिर्धारण

जुन्या चिनी फुलदाण्यांची पारख म्हणजे चीनमध्ये घडवलेल्या पोर्सलीनच्या फुलदाणीचा काळ, घडणीचे ठिकाण, अस्सलपणा व सद्यस्थिती ठरवून त्यांच्या आधारे तिचे मूल्य निश्चित करण्याची पद्धत होय. संग्रहालये, लिलावगृहे, विमा कंपन्या आणि वारसाहक्काची वाटणी करणारी कुटुंबे यांना अशा पारखीची गरज भासते. चिनी कारागिरांनी आपल्याच पूर्वजांच्या कामाच्या प्रतिकृती शतकानुशतके घडवल्या. त्यांपैकी अनेक फसवणुकीसाठी नव्हे, तर आदरापोटी घडवलेल्या होत्या. त्यामुळे बुडावरील अक्षरे किंवा नक्षीची शैली यांसारख्या एखाद्याच लक्षणावरून फुलदाणीचा काळ ठरवता येत नाही. माती, घडण, रंग, चिन्ह, झीज आणि मालकीचा इतिहास यांची साक्ष एकमेकींशी जुळल्यावरच निष्कर्ष ग्राह्य मानला जातो.

## पार्श्वभूमी

पोर्सलीन हे केओलिन नावाची पांढरी माती आणि पोर्सलीन दगडाची भुकटी यांच्या मिश्रणापासून बनते व सुमारे १३००° सेल्सिअस तापमानाला भाजले जाते. भाजल्यावर ते कठीण, पांढरे आणि पातळ भागात अर्धपारदर्शक होते. केओलिन हे नाव चीनच्या जिआंग्शी प्रांतातील गाओलिंग या टेकडीवरून पडले आहे. या टेकडीजवळचे जिंगडेझेन हे शहर युआन राजवंशाच्या काळापासून (१२७१–१३६८) चिनी पोर्सलीनचे सर्वांत मोठे केंद्र राहिले. मिंग (१३६८–१६४४) व छिंग (१६४४–१९११) या राजवंशांच्या काळात राजदरबारासाठीच्या भट्ट्या तेथेच होत्या. त्याच शहरातील खासगी भट्ट्यांमधून देशांतर्गत बाजारासाठी व निर्यातीसाठी माल तयार होत असे. दरबारी आणि खासगी घडणीतील फरक ओळखणे हा पारखीचा महत्त्वाचा भाग आहे, कारण दोहोंच्या किमतींत मोठी तफावत असते.

## डेव्हिड फुलदाण्या

चिनी फुलदाण्यांच्या कालनिश्चितीत ‘डेव्हिड फुलदाण्या’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जोडीला विशेष स्थान आहे. सुमारे ६३ सेंमी उंचीच्या या निळ्या-पांढऱ्या फुलदाण्यांच्या मानेवर दानलेख आहे. झांग वेनजिन नावाच्या दात्याने त्या एका मंदिराला अर्पण केल्याचे त्यात नमूद असून लेखातील तारीख १३५१ या वर्षाशी जुळते. ही जोडी सर पर्सिव्हल डेव्हिड (१८९२–१९६४) यांच्या संग्रहात होती. डेव्हिड यांचा जन्म मुंबईतील एका ज्यू उद्योजक कुटुंबात झाला. त्यांनी या दोन फुलदाण्या वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळवून पुन्हा एकत्र आणल्या. त्यांचा सुमारे १,७०० वस्तूंचा संग्रह सध्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये प्रदर्शित आहे.

निळ्या-पांढऱ्या पोर्सलीनचे इतके प्रगत काम युआन काळात होत असावे, हे विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांना मान्य नव्हते. १९२९ मध्ये इंग्रज अभ्यासक आर. एल. हॉब्सन यांनी या लेखाकडे लक्ष वेधले. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकी अभ्यासक जॉन अलेक्झांडर पोप यांनी इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा आणि इराणमधील अर्दबील येथील संग्रहांतल्या भांड्यांची या जोडीशी तुलना केली व चौदाव्या शतकातील पोर्सलीनचा एक मोठा गट निश्चित केला. खात्रीने दिनांकित अशा एका वस्तूच्या आधारे दिनांक नसलेल्या वस्तूंचा काळ ठरवण्याची ही पद्धत आजही पारखीचा पाया आहे.

## पारखीची लक्षणे

### बूड आणि घडण

तपासणीची सुरुवात सहसा फुलदाणीच्या बुडापासून होते. फुलदाणी ज्या कड्यावर उभी राहते त्या भागावर झिलई नसते, त्यामुळे तेथे मूळ मातीचा रंग व पोत दिसतो. कडे कसे कोरले आहे, भट्टीतली वाळू त्याला चिकटली आहे काय, झिलईच्या कडेला तांबूस छटा आली आहे काय, या गोष्टी पाहिल्या जातात. कड्याचा आकार व ते तासण्याची रीत काळानुसार बदलत गेल्याने नक्कल करणाऱ्याला ती हुबेहूब साधणे अवघड जाते.

मोठ्या फुलदाण्या चाकावर एकसंध काढता येत नसत. त्यांचे भाग स्वतंत्रपणे घडवून ओल्या मातीने जोडले जात. हे आडवे सांधे आत हात घातल्यास बोटांना जाणवतात. याउलट पातळ चिखल साच्यात ओतून बनवलेल्या आधुनिक फुलदाणीची आतली बाजू गुळगुळीत असते आणि काही वेळा साच्याची उभी रेघ दिसते. फुलदाणीचे वजनही महत्त्वाचे असते. आकाराच्या मानाने ती फार जड किंवा फार हलकी असल्यास संशयाला जागा राहते.

### रंग

निळा रंग कोबाल्टच्या खनिजापासून मिळतो. तो कच्च्या भांड्यावर रंगवून त्यावर झिलई दिली जाते. युआन व आरंभीच्या मिंग काळात पश्चिम आशियातून आयात केलेले कोबाल्ट वापरले जाई. या रंगात लोहाचे प्रमाण अधिक असल्याने दाट जागी काळपट ठिपके उमटत. अठराव्या शतकातील कारागिरांनी जुन्या कामाचे अनुकरण करताना हेच ठिपके कुंचल्याने मुद्दाम काढले. मूळ कामात ठिपके झिलईत खोल उतरलेले व अनियमित असतात, तर अनुकृतीत ते ठरावीक अंतराने येतात.

झिलईवर लावून दुसऱ्यांदा भाजलेल्या रंगांवरून कालमर्यादा ठरवता येते. सोन्याच्या सूक्ष्म कणांपासून बनणारा अपारदर्शक गुलाबी रंग चिनी पोर्सलीनवर १७२० च्या सुमारास, कांगशी बादशहाच्या कारकिर्दीच्या (१६६२–१७२२) अखेरीस, प्रचारात आला. त्यामुळे या गुलाबी रंगाची फुले असलेल्या फुलदाणीवर मिंग बादशहाचे नाव असले, तरी ती मिंग काळातील असू शकत नाही.

### राजवटचिन्ह

बुडावर बहुधा निळ्या रंगात लिहिलेल्या चार किंवा सहा चिनी अक्षरांना राजवटचिन्ह म्हणतात. त्यात राजवंशाचे नाव, बादशहाच्या कारकिर्दीचे नाव आणि ‘या काळात बनवले’ अशा अर्थाचे शब्द असतात. चार अक्षरांच्या चिन्हात राजवंशाचे नाव गाळलेले असते. शुआंदे कारकिर्दीपासून (१४२६–१४३५) दरबारी भांड्यांवर ही चिन्हे नियमितपणे आढळतात. छ्यानलोंग बादशहाच्या काळात (१७३६–१७९५) शिक्क्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कोनीय लिपीतील चिन्हे रूढ झाली.

राजवटचिन्ह हा नवख्या संग्राहकाला सर्वांत विश्वसनीय वाटणारा, पण प्रत्यक्षात सर्वांत फसवा पुरावा आहे. १६७७ मध्ये जिंगडेझेनच्या स्थानिक अधिकाऱ्याने भांड्यांवर बादशहाचे नाव लिहिण्यास मनाई केली. भांडे फुटल्यास बादशहाच्या नावाचा अवमान होईल, असे त्यामागचे कारण होते. परिणामी अनेक अस्सल कांगशीकालीन भांड्यांवर नुसते दुहेरी वर्तुळ, एखादे पान किंवा मिंग काळातील चेंगहुआ कारकिर्दीचे (१४६५–१४८७) चिन्ह दिसते. याउलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील असंख्य निळ्या-पांढऱ्या भांड्यांवर कांगशीचे चिन्ह आहे. म्हणून चिन्ह वाचता येणे पुरेसे नसते. अक्षरांचे वळण, निळ्या रंगाची छटा आणि चिन्हाची बुडावरील मांडणी त्या काळाशी जुळते की नाही, हे पाहावे लागते.

रोमन लिपीत ‘चायना’ असा शिक्का असल्यास फुलदाणी सहसा १८९१ नंतरची मानली जाते. त्या वर्षापासून अमेरिकेत आयात मालावर मूळ देशाचे नाव असणे कायद्याने बंधनकारक झाले. मात्र असा शिक्का नसणे हा जुनेपणाचा पुरावा ठरत नाही. इतर देशांकडे गेलेल्या मालावर तो नसे आणि चिकटवलेली कागदी पट्टी सहज निघून जाई.

### झीज व डागडुजी

दीर्घकाळ वापरलेल्या फुलदाणीवरील ओरखडे वेगवेगळ्या दिशांचे व कमी-अधिक खोलीचे असतात आणि जेथे हात किंवा पृष्ठभाग लागतो तेथेच ते दाट होतात. नक्कल जुनी भासावी म्हणून आम्लाने झिलई मंद करणे, बुडाला माती किंवा रंग चोळणे, सर्व बाजूंनी सारखेच घासणे असे उपाय केले जातात. झिलईतील जाळीदार तडेही कृत्रिमरीत्या आणता येतात. केवळ तड्यांवरून जुनेपणा सिद्ध होत नाही.

डागडुजी शोधण्यासाठी फुलदाणी अंधाऱ्या खोलीत अतिनील प्रकाशाखाली धरतात. नंतर लावलेला रंग व राळ मूळ झिलईपेक्षा वेगळ्या दिसतात. हलकेच टिचकी मारल्यास अखंड फुलदाणीचा नाद खणखणीत येतो, तर तडा गेलेली बद्द वाजते. तुटलेले काठ घासून समतल केलेली मान आणि विजेचा दिवा बसवण्यासाठी बुडाला पाडलेले भोक, हे दोष वारंवार आढळतात.

## वैज्ञानिक चाचण्या

तापदीप्ती चाचणीने भांडे शेवटचे केव्हा भाजले गेले याचा अंदाज मिळतो. त्यासाठी बुडातून थोडी माती छिद्र पाडून काढावी लागते, म्हणून मौल्यवान पोर्सलीनच्या बाबतीत ही चाचणी जपून केली जाते. कृत्रिम प्रारण देऊन किंवा जुन्या भांड्याचा तुकडा नव्या फुलदाणीच्या बुडात बसवून या चाचणीला चकवता येते.

क्ष-किरण प्रतिदीप्ती चाचणीत वस्तूला धक्का न लावता रंगातील मूलद्रव्ये ओळखता येतात. क्रोमियम या मूलद्रव्याचा शोध १७९७ मध्ये लागला. त्यामुळे छ्यानलोंग चिन्ह असलेल्या फुलदाणीवरील मूळ हिरवा रंग क्रोमियमपासून केलेला आढळल्यास ती त्या कारकिर्दीनंतरची ठरते. अशी चाचणी करताना तपासलेला भाग डागडुजीचा नाही, याची खात्री आधी करावी लागते.

## मालकीचा इतिहास

फुलदाणी आजवर कोणाकोणाकडे होती याची कागदोपत्री साखळी अस्सलपणाला बळकटी देते. खरेदीच्या पावत्या, जुनी छायाचित्रे, लिलावांच्या सूची, प्रदर्शनांच्या चिठ्ठ्या आणि मृत्युपत्रे यांचा त्यात समावेश होतो. डब्लिन येथील आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयातील ‘फाँटहिल फुलदाणी’ हे याचे ठळक उदाहरण आहे. इसवी सन १३०० च्या सुमारास घडवलेली ही फुलदाणी युरोपात पोहोचल्याची नोंद असलेल्या सर्वांत जुन्या चिनी पोर्सलीन वस्तूंपैकी एक आहे. युरोपात तिच्यावर चढवलेले धातूचे नक्षीकाम एकोणिसाव्या शतकात काढून टाकले गेले आणि तिची ओळख हरवली. १७१३ मध्ये काढलेल्या एका जलरंग चित्रात ती मूळ नक्षीकामासह दिसत असल्याने १९६१ मध्ये तिचा इतिहास पुन्हा जुळवता आला.

घरातील जुन्या फुलदाणीच्या बुडावरील चिठ्ठी फाडून टाकणे, बूड खरवडणे किंवा सोबतची कागदपत्रे वेगळी करणे यामुळे असा पुरावा कायमचा नष्ट होतो.

## मूल्यनिर्धारण

मूल्य ठरवताना काळ व अस्सलपणा यांबरोबरच दरबारी किंवा खासगी घडण, दुर्मीळता, आकारमान, चित्रणाची गुणवत्ता, स्थिती, मालकीचा इतिहास आणि बाजारातील मागणी विचारात घेतली जाते. केवळ वय जास्त असल्याने किंमत वाढत नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांतील साधी निर्यात भांडी आजही मोठ्या संख्येने उपलब्ध असल्याने अठराव्या शतकातील दरबारी फुलदाणीपेक्षा खूपच स्वस्त असतात. मूळ जोडी एकत्र असल्यास तिची किंमत दोन सुट्या फुलदाण्यांच्या बेरजेपेक्षा अधिक येऊ शकते.

एकाच फुलदाणीचे मूल्य उद्देशानुसार बदलते. विम्यासाठीचे मूल्य तशीच वस्तू पुन्हा विकत घेण्याच्या खर्चावर आधारलेले असल्याने सर्वांत जास्त असते. लिलावाचा अंदाज त्याहून कमी असतो, तर विक्रेत्याने देऊ केलेली रक्कम त्याच्या नफ्याची वजावट करून ठरते. लिलावातील अंतिम बोली आणि खरेदीदाराने मोजलेली रक्कम यांतही फरक असतो, कारण लिलावगृहाचे शुल्क बोलीवर आकारले जाते. मूल्य सांगणारी व्यक्तीच वस्तू विकत घेऊ इच्छित असेल, तर तिच्या हितसंबंधांमुळे स्वतंत्र मत घेणे इष्ट समजले जाते.

### उल्लेखनीय लिलाव

लिलावातील बोली हे मूल्याचे अंतिम प्रमाण नसते, हे दोन घटनांतून दिसून आले. नोव्हेंबर २०१० मध्ये लंडनजवळच्या पिनर येथील एका घरात सापडलेल्या छ्यानलोंगकालीन जाळीदार फुलदाणीवर ४ कोटी ३० लाख पौंडांची बोली लागली. मात्र खरेदीदाराने पैसे भरले नाहीत. २०१३ मध्ये ती दुसऱ्या खरेदीदाराला खासगी व्यवहारात विकली गेली. मूळ बोलीपेक्षा ही रक्कम बरीच कमी असल्याचे वृत्तपत्रांनी म्हटले.

ऑक्टोबर २०२२ मध्ये फ्रान्समधील फाँतेनब्लो येथे ड्रॅगन व ढगांची नक्षी असलेली एक निळी-पांढरी फुलदाणी लिलावात आली. लिलावगृहाच्या तज्ज्ञाने ती विसाव्या शतकातील मानून तिचा अंदाज १,५०० ते २,००० युरो ठेवला होता. ती अठराव्या शतकातील असावी असे समजून खरेदीदारांनी चढाओढ केली आणि बोली ७७ लाख युरोंवर थांबली. फुलदाणीच्या काळाबद्दल तज्ज्ञ व बोलीदार यांच्यात मतभेद राहिले.

## भारतातील संग्रह व कायदा

चिनी पोर्सलीन भारतात मध्ययुगापासून येत होते. दिल्लीतील तुघलककालीन राजवाड्याच्या परिसरात युआन काळातील निळ्या-पांढऱ्या भांड्यांचे अवशेष सापडले आहेत. पोर्तुगीज काळात गोवा हे या व्यापारमार्गावरील महत्त्वाचे बंदर होते. एकोणिसाव्या शतकात चीनशी व्यापार करणाऱ्या मुंबईच्या पारशी कुटुंबांच्या घरी चिनी फुलदाण्या आल्या. मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी व जपानी कलावस्तू आहेत. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातही चिनी पोर्सलीनचे मोठे दालन आहे.

भारतात ‘पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२’ लागू आहे. ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाची, किमान १०० वर्षे जुनी वस्तू या अधिनियमानुसार पुरावस्तू ठरते. पुरावस्तूंचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो व खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. त्यामुळे फुलदाणीचा काळ ठरवण्याला भारतात किमतीइतकेच कायदेशीर महत्त्व आहे. वस्तू पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तपासणीनंतर मिळते.